चौतीस स्लाइड्स आणि देवघरातली घंटा

मी बोलायला घाबरते असं सांगितलं तर माझ्या माहेरचे लोक पोट धरधरून हसतील. पुण्यातल्या शाळेत बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकावर तीन वर्षं ओळीने एकच शेरा लिहिला होता, ‘वर्गात फार बोलते’. लग्नानंतर बंगळुरूला आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता, तरी पहिल्याच आठवड्यात मल्लेश्वरमच्या बाजारात फुलवालीशी भांडून आले. निम्मं हिंदीत, निम्मं हातवाऱ्यांनी. आणि जिंकून आले. तर अशी मी. माझी बोबडी वळली ती एका पांढऱ्या पडद्यासमोर, हातात स्लाइड पुढे ढकलायचं बटण घेऊन.

त्याआधी नऊ वर्षं मी घरी होते. मुलगी लहान होती म्हणून थांबले, ती मोठी झाली तरी थांबले, मग थांबायचीच सवय झाली. शेवटी इंदिरानगरच्या एका लहानशा कंपनीने मला घेतलं. शाळेची बस आत्ता कुठे आहे ते आईबापांना मोबाईलवर दाखवायचं, हे कंपनीचं काम. आणि बस तिथे नसली की आईबापांच्या शिव्या खायच्या, हे माझं. दिवसभर कानाला फोन. ते मला छान जमायचं. शिवी कशी खायची आणि कधी परत करायची हे पुण्यात वेगळं शिकवावं लागत नाही.

पण नोकरी कच्ची होती. सहा महिने बघणार, आणि सहाव्या महिन्याच्या शेवटी पंधरा मिनिटांचं प्रेझेंटेशन: मी काय पाहिलं, काय शिकले, काय बदलायला हवं. समोर तिघं बसणार, मागे बाकीचा स्टाफ. त्यांना पटलं तर पक्की, नाहीतर ‘थँक यू सो मच’. माझ्या आधी लागलेल्या एकाला हे थँक यू मिळालेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वर त्याच्याकडून केकही कापून घेतला होता मेल्यांनी.

मला ती नोकरी हवी होती. यात लाजायचं काय? नऊ वर्षं मी कुणाची तरी आई, कुणाची तरी वहिनी, पहिल्या मजल्यावरची ती, अशीच होते. इथे माझ्या टेबलावर माझ्या नावाची पाटी होती. कागदाचीच, चिकटपट्टीने लावलेली, एसीच्या वाऱ्याने रोज एका बाजूने सुटायची. पक्क्या लोकांच्या पाट्या प्लास्टिकच्या होत्या. मी रोज सकाळी आल्यावर आधी माझी पाटी दाबून बसवायचे आणि मग लॉगिन करायचे.

पाचव्या महिन्यात रंगीत तालीम झाली. मी चौतीस स्लाइड्स केल्या होत्या. बाण होते, गोल होते, गोलातून निघणारे बाण होते, शेवटी गुलाबाच्या फुलांवर ‘थँक यू’ होतं. दिवे मंद झाले, आणि मी पडद्याकडे तोंड करून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचून काढलं. देवळात पोथी वाचतात तसं, एका सुरात. पंधरा मिनिटं संपली तेव्हा मी एकोणिसाव्या स्लाइडवर होते. दिवे लागले. आमची मॅनेजर अत्यंत शांतपणे म्हणाली, "हे मेल केलं असतंस तर आम्हीच वाचलं असतं."

बाजूला ऑपरेशन्सचे प्रमुख बसले होते. दाढीवाले. बसेस, ड्रायव्हर, वेळापत्रक सगळं त्यांच्याकडे. ते कन्नडमध्ये ओरडायचे आणि इंग्रजीत गप्प बसायचे. त्या दिवशी ते इंग्रजीत होते. ते जास्त लागलं.

इथे माझा एक गुन्हा कबूल करते. दुपारी चहाच्या वेळी मी पँट्रीत उभी राहून पुण्याच्या बहिणीला फोन करायचे आणि ऑफिसातल्या प्रत्येकाची मराठीत यथेच्छ धुलाई करायचे. अगदी त्यांच्यासमोर, हसऱ्या चेहऱ्याने. "ह्या उकाड्यात त्या दाढीत माणूस शिजत कसा नाही गं?" हे वाक्य मी दाढीवाल्यांपासून दोन हातांवर उभी राहून म्हटलं होतं आणि त्यांना साखरही पुढे केली होती. बंगळुरूत आलेला प्रत्येक पुणेकर आणि मुंबईकर याच समजुतीत वावरतो, की मराठी म्हणजे आपल्या खासगी कपाटाची किल्ली. लिफ्टमध्ये, मेट्रोत, साडीच्या दुकानात, काय वाटेल ते बोलतो.

तर त्या तालमीच्या दिवशी घरी आले आणि सोफ्यावर पर्स टाकून बसले. नवरा म्हणाला, "होईल गं सगळं नीट." हे वाक्य तो गॅस संपला तरी म्हणतो. पण कोपऱ्यातल्या खुर्चीतून माझे सासरे उठले.

बाबा नागपूरजवळच्या एका गावात हेडमास्तर होते. जिल्ह्यातली अशी एकही वक्तृत्व स्पर्धा नाही जिथे ते परीक्षक म्हणून गेले नाहीत, असं त्यांचंच म्हणणं. दोन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे राहायला आले आणि त्यांचा श्रोतृवर्ग एका फटक्यात संपला. इथल्या बागेत म्हातारे भरपूर, पण सगळे कन्नड बोलणारे. बाबांना त्यातला ‘सरी’ एवढाच शब्द आला, म्हणजे ‘बरं, ठीक’. तो ते सढळ हाताने वापरतात. एकदा असंच सरी सरी करत ते एका भजनी मंडळाचे सभासद होऊन घरी आले होते.

"सूनबाई, काहून तोंड पाडून बसली?"

मी सांगितलं. त्यांचे डोळे असे काही चमकले की मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"उभी राहा. दाखव काय दाखवलंस ते."

मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला बाबांनी कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं."

मी आवाज चढवला.

"ऐकू नाही आलं."

"बाबा, कानाची तपासणी करून घ्या एकदा!"

"कान शाबूत आहेत माझे. तू कोणाशी बोलून राहिली? टीव्हीशी? टीव्ही देणार आहे का तुला नोकरी?"

असा माझा क्लास सुरू झाला. रोज संध्याकाळी साडेसातला, कुकर उतरवल्यावर. पहिला नियम, श्रोत्यांना पाठ दाखवायची नाही. मागे भिंत कोसळली तरी वळायचं नाही. पाठ दिसली की गुण कापले. दुसरा नियम, शेवटच्या रांगेतल्या माणसाशी बोलायचं, पुढचे आपोआप ऐकतात. आमच्या हॉलमध्ये शेवटची रांग म्हणजे फ्रीज. मी महिनाभर फ्रीजला कंपनीच्या अडचणी समजावून सांगितल्या. तिसरा नियम घंटा. त्यांच्या स्पर्धेत दोन घंटा असत, पहिली सावध करायला आणि दुसरी गप्प करायला. बाबांनी देवघरातली पितळी घंटा उचलली आणि मांडीवर घेऊन बसले. बाराव्या मिनिटाला एकदा, पंधराव्याला दोनदा.

भांडणं झाली, नाही कशी होतील? त्यांना सुरुवातीला ‘सन्माननीय परीक्षक आणि इथे जमलेले रसिक श्रोते’ हवं होतं. मी म्हटलं, त्या खोलीत एकही रसिक नाही. ते म्हणाले, पुण्याच्या लोकांना मान द्यायचा म्हटलं की पोटात दुखतं. मी म्हटलं, नागपूरच्या लोकांचं नमस्कार-चमत्कारातच जेवण होतं. तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त प्रेझेंटेशनबद्दल बोललो.

घंटेचा एक परिणाम भलताच झाला. खाली आमच्या घरमालकीणबाई राहतात, सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांचं मराठी घराणं इथे कित्येक पिढ्यांपासूनचं, त्यामुळे मराठी बोलतात पण निम्मी कन्नडच्या ताटात वाढलेली. रोज साडेसातला वरून घंटा ऐकू यायला लागल्यावर त्यांना वाटलं, आम्ही एकदम धार्मिक झालो. पाचव्या दिवशी ताटलीत फुलं आणि केळी घेऊन त्या वर आल्या. "किती वेळ पूजा करता हो तुम्ही! बरं वाटतंय. स्वल्प हळू वाजवा, एवढंच. आरती झाली काय?"

बाबांनी त्यांना मान देऊन खुर्चीत बसवलं. आयता श्रोता मिळाला होता, सोडतात होय! अक्कांना इंग्रजी नको होतं, म्हणून मी सगळं मराठीत सांगायला लागले. चौथ्या स्लाइडला अक्कांचे डोळे मिटले. बाबांनी वहीत खूण केली. सहाव्याला मान कलली, आणखी एक खूण. नवव्याला चक्क घोरल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी वही समोर धरली. "हे परीक्षक खरे. जिथे अक्का झोपल्या त्या स्लाइडा काढून टाक."

"बाबा, तो सगळा माझा डेटा आहे!"

"असेल ना बाप्पा. झोपेचं औषध पण चांगलंच असते. पण ते जागं ठेवाले नाही देत."

महिनाभरात चौतीसच्या पाच राहिल्या. गुलाबाची फुलं गेली तेव्हा मी खरंच हळहळले. पुढे रोज येऊन बसणाऱ्या अक्का एका ठिकाणी मात्र कधीच झोपल्या नाहीत, उलट पुढे सरकून बसायच्या, ते म्हणजे सत्ताविसाव्या स्लाइडवरच्या तिसऱ्या ओळीत मी दडवून ठेवलेलं एक प्रकरण. जयनगरच्या एका आईचं. ते दडवण्याचं कारण होतं. त्या गोंधळाच्या मुळाशी ड्रायव्हरने दाबायचं एक बटण होतं, आणि ते बटण दाढीवाल्यांच्या डोक्यातून निघालेलं होतं. त्याच्यावर त्यांचा फार जीव. नोकरी पक्की व्हायची असेल तर त्या बटणाला हात लावायचा नाही, एवढी अक्कल मला होती.

शेवटच्या आठवड्यात टिपणं लिहिली. स्लाइडच्या खाली टिपणं लिहायची सोय असते, ती फक्त बोलणाऱ्याला लॅपटॉपवर दिसतात, समोर पडद्यावर नुसती स्लाइड दिसते. बाबा सांगायचे, मी टाइप करायचे. "परीक्षक कसे आहेत ते सांग आधी. स्वभाव माहीत नसला तर भाषण जमत नाही." मी वर्णन केलं, त्यांनी सूचना दिल्या आणि नावं मी ठेवली. मॅनेजर म्हणजे ‘मख्ख बाई’. मालक, वयाने माझ्यापेक्षा लहान, लखनौकडचा, सारखा मोबाईल बघणारा, तो ‘खालमान्या’. आणि दाढीवाले म्हणजे ‘दाढीवाला वेताळ’. सगळं मराठीत, ठळक देवनागरीत, लांबून दिसावं म्हणून मोठ्या अक्षरांत. कोण वाचतंय!

आदल्या दिवशी बाबांनी तासभर लॅपटॉप मागून घेतला. एका बोटाने काहीतरी टकटक करत होते. मला वाटलं, पत्ते खेळताहेत.

प्रेझेंटेशनच्या सकाळी आठला मी चपला घालत होते, तर बाबा आतून ठेवणीतला कोट घालून आले. स्पर्धेला जायचा कोट. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर.

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही. इथंच बसतो. स्पर्धेच्या दिवशी मास्तर बनियनवर नसतो."

मुलीने घंटेचा आवाज माझ्या फोनमध्ये अलार्म म्हणून भरून दिला होता. मॅजेस्टिकला मेट्रो बदलताना मी पुटपुटत होते आणि शेजारच्या बाईने मला बसायला जागा दिली. तिला वाटलं असेल, स्तोत्र म्हणतेय.

अकरा वाजता मी पडद्यापुढे उभी राहिले. समोर मख्ख बाई, खालमान्या आणि वेताळ, मागे आठ-दहा जण. मी लॅपटॉप जोडला, टिपणं दिसली, हायसं वाटलं. पाठ फिरवायची नाही म्हणून पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिलं टिपण होतं, ‘ओढणीशी खेळू नकोस. मोठा श्वास घे. तीन मोज आणि बोल.’ मी ओढणी सोडली, श्वास घेतला. मनात तीन मोजत होते तर मागच्या रांगेतल्या एका मुलीचे ओठ हलले, एक, दोन, तीन. मी बोलायला लागले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. मी म्हटलं, वा! पहिल्याच वाक्याला पकड आली की.

दुसऱ्या स्लाइडचं टिपण, ‘इथे विनोद आहे. लोक हसले नाहीत तर तू हसू नकोस.’ मी विनोद सांगायच्या आधीच खोली हसली. बाबांनी सांगितलंच होतं, श्रोता एकदा ताब्यात आला की तोंड उघडायच्या आत हसतो. माझी छाती फुगली.

मग होतं, ‘खालमान्या मालक मोबाईल बघत असेल तर थांब. मान वर करेपर्यंत बोलू नकोस.’ मी थांबले. मालकाने मान वर केली, माझ्या डोक्यावरून कुठेतरी पाहिलं, आणि घाईघाईने मोबाईल खिशात घातला. काय माझा दरारा! तिसऱ्या स्लाइडला टिपण आलं, ‘आता दाढीवाल्या वेताळाकडे बघ. घाबरायचं नाही. तो चावत नाही.’ मी नजर वळवायच्या आत अख्ख्या खोलीने वळून दाढीवाल्यांकडे पाहिलं. एक जण तर टेबलाखाली वाकला, पेन पडल्यासारखा, आणि वर यायचं नावच घेईना.

दाढीवाले मात्र हसत नव्हते. त्यांनी घसा साफ केला आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "मॅडम, एकदा मागं वळून बघा की."

मला ते मराठी आहे हेसुद्धा कळलं नाही. मी तशीच ताठ उभी राहून म्हणाले, "वळायचं नाही. गुण कापतात."

"आज चालतंय. बघा."

मी वळले. पडद्यावर स्लाइड एवढीशी कोपऱ्यात होती आणि बाकी सगळी जागा व्यापून, भिंतभर, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत माझी टिपणं. लॅपटॉपवर दिसत होतं तेच तिथे दिसत होतं. जोडताना मी काहीतरी घोळ घातला होता. आणि देवनागरी! अगं बाई, ज्या लिपीत हे लोक लहानपणापासून हिंदी वाचत आले तीच लिपी. ‘दाढीवाला वेताळ’ कळायला पुण्यात जन्मावं लागत नाही. हे सहा महिन्यांत एकदाही माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती कशी सरकते ते मला त्या क्षणी समजलं. माझी कागदाची पाटी डोळ्यांपुढे आली. केकही दिसला. ते पान तरी नजरेआड करावं म्हणून मी बटण दाबलं, आणि पडद्यावर पुढचं टिपण आलं. ते मी लिहिलेलं नव्हतं. काना-मात्रा चुकलेल्या, शब्दांमध्ये भलतीकडेच जागा सोडलेली. एका बोटाने टाइप केलेलं.

मला वाचवेना. दाढीवाल्यांनी वाचलं, मोठ्याने, सावकाश. "‘पोरी, इथपर्यंत आलीस म्हणजे घाबरली असशील. घाबर. काही हरकत नाही. पण रोज फोन तू उचलतेस, ह्यांनी नाही उचलले. ते सांग आणि खाली बस.’" मग त्यांनी तेच मॅनेजरसाठी इंग्रजीत सांगितलं. आता कुणी हसत नव्हतं.

मी लॅपटॉप बंद केला. नोकरी तर गेलीच होती, मग कशाला ठेवायचं मनात! मी सांगितलं, जयनगरला एक आई आहे. चौथा मजला, लिफ्ट नाही, एक पाय अधू. आपल्या ॲपवर बस ‘पोचली’ असं दिसलं की ती मुलाला घ्यायला जिने उतरते. बस आलेली नसते. कारण ड्रायव्हर दोन सिग्नल अलीकडेच ‘पोचली’चं बटण दाबून मोकळा होतो, म्हणजे कागदावर उशीर दिसत नाही. ती रोज मला फोनवर शिव्या द्यायची. एक दिवस तिने शिव्या दिल्या नाहीत, नुसती धापा टाकत राहिली, आणि मला रडू फुटलं. तेव्हापासून ड्रायव्हरला विचारून, बस खरंच तिच्या वळणावर आली की मी तिला स्वतः फोन करते. कंपनीचा असा काही नियम नाही, मी विचारलंही नाही कुणाला. ते बटण काढा. आणि बसला उशीर होणार असेल तर आईबापांनी आपल्याला फोन करायच्या आत आपण त्यांना करू. मला एवढंच म्हणायचंय.

हे मी दाढीवाल्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. आणि तेवढ्यात माझ्या पर्समधून घंटा वाजली. आमच्या देवघरातली, खणखणीत. मालकाचा हात आपसूक छातीशी गेला आणि मानही लवली.

"पहिली का दुसरी?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"पहिली."

"मग तीन मिनिटं आहेत अजून. बटण काढून काय घालायचं तिथं ते सांगा की."

मी सांगितलं. फळ्यावर काढून दाखवलं, तिरकं उभं राहून, पाठ न दाखवता. दुसरी घंटा व्हायच्या आत खाली बसले.

निकाल उद्या कळवतो म्हणाले. मी पँट्रीत जाऊन पाणी प्यायले तर दाढीवाले चहा ओतत होते. मी हात जोडायच्या बेतात होते. ते म्हणाले, "निपाणीचा आहे मी. मराठी शाळेत होतो दहावीपर्यंत. वक्तृत्वात दुसऱ्या घंटेपर्यंत कधी पोचलो नाही, त्याआधीच विसरायचो." साखर माझ्यापुढे सरकवली आणि जाता जाता म्हणाले, "बहिणीला सांगा, दाढी उन्हाळ्यात कमी करतो मी."

घरी आले तर बाबा कोटातच होते. बाजूला अक्का, पुढे ताटलीत केळी.

"पाठ दाखवली?"

"एकदा."

"कितव्या मिनिटाला?"

मग मी सगळं सांगितलं. वेताळापासून घंटेपर्यंत. बाबा हसता हसता खोकायला लागले, अक्का त्यांच्या पाठीवर थोपटत मला रागावल्या, "काय हो हे, मोठ्या माणसाला वेताळ म्हणतात काय!" बाबांनी टाइप केलेल्या टिपणाबद्दल मी काही विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. फक्त घंटा परत देवघरात नेऊन ठेवली. त्या जेवणात बाबा फार कमी बोलले आणि मला एकदम वाटलं, उद्यापासून साडेसातला हा माणूस काय करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत असताना मेल आला. माझे हात कणकेचे. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"उभी राहा. तोंड इकडे. वाच."

मी फ्रीजसमोर उभी राहिले आणि वाचायला लागले. आपली नोकरी पक्की करण्यात येत आहे. ड्रायव्हरचं बटण पुढच्या महिन्यापासून काढण्यात येईल, त्याचं काम तुम्ही बघाल. नावाची पाटी सोमवारी बसवली जाईल. आणि खाली, दाढीवाल्यांकडून एक वेगळी ओळ, मराठीत: ‘टिपणं लिहिणाऱ्या सरांना ऑफिसात आणाल काय? आमच्या पोरांना शिकवायला पाहिजे.’

या ओळीवर माझा आवाज फुटला. शेवटचे शब्द मी कसेबसे पुटपुटले.

बाबांनी कानामागे हात धरला. "ऐकू नाही आलं."

मी डोळे पुसले, कणीक गालाला लागली, आणि परत वाचलं, मोठ्याने.

"शेवटचं ऐकू नाही आलं."

तिसऱ्यांदा वाचताना मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हात कानामागे होता, पण ओठ माझ्याबरोबर हलत होते, शब्दन् शब्द. त्यांना पहिल्याच वेळी सगळं ऐकू आलं होतं. मी चौथ्यांदा वाचलं.